एक युनिट म्हणजे किती मोळ्या?

'कार्य म्हणजे काय?' असा प्रश्न व्हायवाला आला तर आपण डोळे मिटून उत्तर देऊ. बल गुणिले विस्थापन! फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सपासून हे वाक्य इतक्यांदा लिहिलंय की आता त्यात विचार करण्यासारखं काही उरलंय असं वाटतच नाही. मलाही वाटत नव्हतं. पण गेल्या डिसेंबरमध्ये आठवीतल्या एका मुलीनं याच वाक्यावर माझी अशी काही विकेट घेतली की ती गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर धारूर तालुक्यातल्या एका गावात होतं. सकाळी श्रमदान आणि दुपारी शाळेत तास, अशी वाटणी. दिवाळीनंतर या भागातली निम्मी गावं रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे इकडच्या भाषेत 'एक कोयता', मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे ऊस तोडायला जाते. मुलांची शाळा बुडू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृह चालवतात. दुपारच्या तासाला बसणारी बरीचशी मुलं या वसतिगृहातली होती. मी इलेक्ट्रिकलचा, म्हणून विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, आठवी-नववीचं तर आहे, बल, ऊर्जा, वीज. तीन दिवसांत उडवून टाकू!

पहिला दिवस झकास गेला. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं. ते न्यूटनमध्ये मोजतात. एक न्यूटन म्हणजे किती? तर शंभरेक ग्रॅमचं लहानसं सीताफळ तळहातावर ठेवलं की हाताला जेवढा भार लागतो, जवळजवळ तेवढं. बालाघाटातल्या पोरांना सीताफळ काय सांगायचं! सगळ्यांनी मान डोलावली. आता तेच सीताफळ एक मीटर वर उचललं की एक ज्यूल कार्य झालं. दोन मीटर उचललं की दोन ज्यूल. मग मी फळ्यावर ऐटीत लिहिलं : वस्तू उचलून धरली आणि सपाट जमिनीवरून कितीही चाललं तरी त्या वस्तूवर आपण केलेलं कार्य शून्य. कारण बल वरच्या दिशेनं आणि विस्थापन आडवं. दोन्ही काटकोनात.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, माझी माय चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फडातून गाडीपस्तोर चालती. दिवसभर. ते काम न्हाई का?"

वर्ग एकदम शांत. जवळजवळ प्रत्येकाची माय त्या वेळी कुठल्या ना कुठल्या फडात होती. मी गडबडलो. "पुस्तकात तसंच दिलंय," एवढंच म्हणालो. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं हे दिसत होतं.

रात्री झोप लागेना. कारण सांगतो. मी दहावीत जाईपर्यंत माझे आईवडीलही कोयता घेऊन जायचे. नववीत मी हेच वाक्य पाठ केलं होतं, पेपरात लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. आणि मला हा प्रश्न पडला नव्हता! ज्या मुलीला पडला तिला मी पुस्तकाचं नाव सांगून गप्प बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाताना पाण्यानं भरलेली बादली घेऊन गेलो. एका दांडगट मुलाला पुढं बोलावलं आणि सांगितलं, हात सरळ समोर करून बादली धर. हलवायची नाही. अर्धं मिनिट झालं नाही तोच हात थरथरायला लागला, चेहरा लाल झाला. मग तीच बादली भिंतीतल्या खुंटीला अडकवली. खुंटी काही थरथरली नाही!

"बादली दोन्ही वेळेला जागची हलली नाही. म्हणजे बादलीवर कार्य शून्य. मग हा का दमला?"

याचं उत्तर शरीरात आहे. खुंटी एकदा ठोकली की तिला काही खावं लागत नाही. आपला स्नायू तसा नाही. त्यातले बारीक तंतू सारखे आकसतात, सैल होतात, पुन्हा आकसतात. बादली स्थिर दिसते, पण ती स्थिर ठेवायला आत एकसारखी ओढाताण चालू असते. त्यासाठी लागणारी ऊर्जा खाल्लेल्या भाकरीतून येते आणि शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून घाम येतो. त्यात चालताना आपलं शरीर प्रत्येक पावलाला थोडं वर जातं आणि खाली येतं. डोक्यावरची मोळीही त्याच्याबरोबर वरखाली होते. वर न्यायला ऊर्जा लागते, पण खाली येताना ती परत भाकरी होऊन मिळत नाही!

मी त्या मुलीला म्हणालो, "काल मी चुकीचं नाही, पण अर्धवट सांगितलं. पुस्तकात 'काम' नाही, 'कार्य' असा शब्द आहे. कार्य म्हणजे मोळीच्या खात्यावर किती ऊर्जा जमा झाली. सपाट रानात चाललं तर तिच्या खात्यावर काही जमा होत नाही. पण तुझ्या मायच्या खात्यातून मात्र पावलोपावली खर्च होतो. ही दोन खाती वेगळी आहेत. पुस्तक फक्त मोळीचं खातं दाखवतं."

आता तिनं मान हलवली. आणि लगेच पुढचा प्रश्न : "मंग गाडीवर चढताना?"

तिथं मात्र मोळीच्या खात्यावर जमा होतं! ऊस ट्रकमध्ये भरताना फळी लावतात आणि मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून चढतात. हे मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मग आम्ही सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला. गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी सोयीसाठी १० धरलं. मोळी ४० किलो, उचलणारं माणूस ५० किलो, कारण मोळीबरोबर स्वतःचं वजनही वर न्यावं लागतं. चढायची उंची अडीच मीटर. म्हणजे एका खेपेला ९० × १० × २.५ = २२५० ज्यूल. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो असं धरलं, म्हणजे ५० मोळ्या. ५० खेपा झाल्या १,१२,५०० ज्यूल.

"फळी लांब लावली तर कार्य कमी होतं का?" एकानं विचारलं. नाही होत. उंची तीच, म्हणून कार्य तेच. पण फळी दुप्पट लांब केली तर चढ सौम्य होतो आणि बल निम्मं पुरतं. अंतर मात्र दुप्पट चालावं लागतं. निसर्ग कार्यात सूट देत नाही, फक्त हप्ते पाडून देतो! आमच्या आजोबांच्या विहिरीवर मोट होती. तिथं बैलांना चालायची धाव उताराची केलेली असायची. भरलेली मोट वर ओढताना बैल उतारावरून खाली जायचे, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही ओढायला मदत करायचं. न्यूटनचं नावही न ऐकलेल्या माणसांनी बल कुठून मिळवायचं ते बरोबर ओळखलं होतं.

आता विजेकडे वळलो. विजेचं बिल युनिटमध्ये येतं हे सगळ्यांना माहीत. पण एक युनिट म्हणजे किती? १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. तासात ३६०० सेकंद. म्हणजे एक युनिट = ३६,००,००० ज्यूल. छत्तीस लाख!

मी मुलांना म्हटलं, आता याला मघाच्या १,१२,५०० नं भागा. उत्तर आलं ३२.

बत्तीस दिवस! एका कोयत्यानं महिनाभर गाडीत चढवलेल्या सगळ्या मोळ्या, स्वतःच्या वजनासकट, म्हणजे विजेचं एक युनिट. मोळ्या मोजायच्या तर १६००. तेवढी वीज काही रुपयांत मिळते. वर्गात कुणी बोलेना. मलाही हा आकडा आधी माहीत नव्हता, मुलांबरोबरच कळला.

इथं एक गोष्ट सांगणं गरजेचं आहे, नाहीतर भलताच अर्थ निघेल. हा हिशेब फक्त चढवण्याचा आहे. वाकून ऊस तोडणं, पाचट काढणं, मोळी बांधणं, फडातून चालणं, हे यात धरलेलंच नाही. कष्टकरी माणूस दिवसभर सरासरी ७५ वॅटच्या आसपास शक्तीनं राबू शकतो. आठ तास धरले तर ६०० वॅट-तास, म्हणजे जेमतेम ०.६ युनिट. आणि एवढं कार्य बाहेर काढायला शरीराला त्याच्या चौपट-पाचपट ऊर्जा अन्नातून घ्यावी लागते. नुसती ताकद मोजली तर माणसाचा सगळा दिवस एका युनिटलासुद्धा पुरत नाही. पण म्हणून माणूस स्वस्त ठरत नाही. इतकी वर्षं आपण नुसत्या ओझ्यासाठी माणूस वापरतोय, हे यातून दिसतं.

"मंग मशीननं का भरत न्हाईत?" हा प्रश्न येणारच होता. काही ठिकाणी भरतात. ऊस तोडणारी यंत्रंही आली आहेत. पण यंत्र आलं की मायच्या हातचं काम जातं, आणि घेतलेली उचल तर फेडायचीच असते. याचं उत्तर ज्यूलमध्ये मिळत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. एव्हाना एवढं शिकलो होतो की माहीत नसताना पुस्तक पुढं करायचं नाही.

तिसऱ्या दिवशी प्रश्न होता : हे छत्तीस लाख ज्यूल येतात कुठून? गावात एका घरी जुनी सायकल होती, डायनॅमोवाली. ती वर्गात उलटी उभी केली. डायनॅमो चाकापासून लांब ठेवून पेडल हातानं फिरवलं तर चाक भन्नाट फिरत होतं. डायनॅमो टेकवला, दिवा लागला, आणि पेडल जड झालं! प्रत्येकाला फिरवून बघायला लावलं. दिवा काढून टाकला की पुन्हा थोडं हलकं. डायनॅमोत चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चुंबक फिरलं की तारेत वीजप्रवाह सुरू होतो. हा शोध मायकेल फॅराडेनं १८३१ साली लावला. पण प्रवाह वाहू लागला की तोच चुंबकाला फिरायला विरोध करतो. म्हणून पेडल जड होतं. उजेड फुकट येत नाही, तो हातातून जातो. हा दिवा ३ वॅटचा. असं पेडल मारून एक युनिट भरायचं तर ३३३ तास लागतील!

आपल्या जिल्ह्यातच परळीला हा डायनॅमो मोठ्या आकारात आहे. परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला, ३० मेगावॅटचा. २००७ ते २०१६ या काळात तिथं २५० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. असा एक संच पूर्ण क्षमतेनं तासभर चालला तर अडीच लाख युनिट होतात. तिथं पेडल कोण मारतं? वाफ! कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, तिच्या जोरावर टर्बाईन फिरवायचं, टर्बाईनला जोडलेलं जनरेटर वीज देतं. कोळशातली रासायनिक ऊर्जा, तिची उष्णता, उष्णतेची गतिज ऊर्जा आणि शेवटी वीज. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, फक्त रूप बदलते. पुस्तकातला ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तो हाच.

पण रूप बदलताना गळती होते. तीन भाग उष्णता दिली तर वीज साधारण एक भाग मिळते. एका युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. उरलेली बरीचशी उष्णता वाफ थंड करताना पाण्यात आणि हवेत जाते, म्हणून अशा केंद्राला पाणी भरपूर लागतं. परळीला ते गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येतं. २०१३ च्या दुष्काळात पाणीच नव्हतं, तेव्हा हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता, यंत्रं होती, पण थंड करायला पाणी नाही! मोठ्या मुलांना तो दुष्काळ घरच्यांकडून ऐकून माहीत होता, टँकर आणि चारा छावण्यांचा. त्याच दुष्काळानं विजेचं केंद्रही बंद पाडलं होतं, हे त्यांना नवीन होतं.

आणि ही वीज आपण कशाला वापरतो? पुन्हा पाण्यालाच! इथले बोअर सहाशे-सातशे फूट खोल, म्हणजे सुमारे २०० मीटर. एक लिटर पाणी वर आणायला २००० ज्यूल. एका युनिटात १८०० लिटर यायला पाहिजे. पंपाची आणि पाइपाची गळती धरली तर त्याच्या निम्मंच येतं. याउलट बीडजवळची खजाना विहीर बघा. सोळाव्या शतकातली. तिचं पाणी जमिनीखालच्या नहरातून नुसत्या उतारानं शेतांपर्यंत जातं. एकही युनिट नाही. उंचीवर असलेल्या पाण्यात ऊर्जा असते, तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. पाणी जेवढं खोल गेलं तेवढं ते वर आणायचं कर्ज आपल्यावर चढलं, असंच समजा.

शेवटच्या दिवशी मी सूत्र कमी आणि एक गोष्ट जास्त सांगितली. नववीत असताना मी रात्री ऊस भिजवायला गेलो होतो. पाय चिखलात, चप्पल बांधावर. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीला हात लागला आणि मी मागं फेकला गेलो. नशीब, पेटीकडं ओढला गेलो नाही. असं का झालं?

व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची, करंट म्हणजे नळीतून वाहणारं पाणी, आणि रोध म्हणजे नळीचा अरुंदपणा. व्होल्टेज भागिले रोध म्हणजे करंट. हा ओहमचा नियम. अंग ओलं असलं की शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. टॉर्चच्या जुन्या बल्बला लागतो त्याहून कमी. पण छातीतून ०.०३ अँपिअर गेला तरी जिवाला धोका असतो. टॉर्चचा सेल हातात धरला तर काही होत नाही, कारण तिथं उंचीच दीड व्होल्ट.

म्हणून मुलांकडून चार गोष्टी वहीत लिहून घेतल्या. मोटारीच्या पेटीला अर्थिंग पाहिजेच, म्हणजे गळालेल्या विजेला आपल्या अंगापेक्षा सोपी वाट मिळते. ओल्या हातानं, अनवाणी पायानं पेटीला हात लावायचा नाही. कुणी चिकटलं तर त्याला ओढायला धावायचं नाही, आधी मेन स्विच बंद करायचा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं तार दूर करायची. आणि व्होल्टेज कमी असताना मोटार चालवायची नाही. कारण तेव्हा मोटार तेवढंच ओझं ओढण्यासाठी जास्त करंट घेते. करंट दीडपट झाला तर तारेतली उष्णता सव्वादोनपट होते आणि वाइंडिंग जळतं. हजारो रुपयांचा फटका बसतो तो वेगळाच.

शिबिर संपायच्या संध्याकाळी वसतिगृहात मुलांचे घरच्यांना फोन चालले होते. ती मुलगी माझ्या फोनवरून बोलत होती. मायला तिनं काय सांगावं? "माय, गाडीला फळी लांब लावत जा. जोर कमी लागतो. आम्हाला शिकवलंय."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. स्पीकर चालू होता. "लांब फळी आणायची कुठून गं? हाय तीच मुकादमाची हाय."

ती माझ्याकडं बघायला लागली. याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण परत येताना गाडीत आम्ही मेकॅनिकलच्या दोघांना धरलं. दुमडता येईल, एका माणसाला उचलता येईल, ९० किलो वजन सहन करेल आणि घसरणार नाही अशी पाच मीटरची फळी किती रुपयांत होईल? सेमिस्टरभर त्यावर कागद काळे करतोय. दोन डिझाईन फसले. एक वाकलं, दुसरं उचलायलाच दोन माणसं लागली! तिसऱ्याचं काम वर्कशॉपमध्ये सुरू आहे. कुणाला हातभार लावायचा असेल तर जरूर या.

आणि हो, व्हायवाला 'कार्य म्हणजे काय' असं कुणी विचारलं तर आता मी आधी एकच विचारणार आहे. सर, कुणाच्या खात्यावरचं?

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी